मेंढीच्या रक्तातला दाह मोजायचा कसा?

कळमनुरी-सेनगावच्या माळावर मेंढी कळपामागे रेंगाळली, की मेंढपाळ आधी कान चाचपतो, मग नाकाकडे बघतो. पारख पिढ्यान्‌पिढ्यांची! पण तेव्हा तिच्या रक्तात काय चाललेलं असतं?

संसर्ग झाला की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा अशी दाहाची प्रथिनं सोडतात. बाकीच्या पेशींना धाडलेला सांगावाच तो. ताप चढतो तो यांच्यामुळेच.

ही प्रथिनं मोजायला एलायझा किट असतं. मूळ पद्धत १९७१ सालची, स्वीडनची. ९६ खाचांच्या प्लेटच्या तळाला ते प्रथिन पकडणारी प्रतिपिंडं आधीच चिकटवलेली असतात. मेंढीच्या रक्तातलं सीरम टाकायचं, धुवायचं, मग विकर जोडलेलं दुसरं प्रतिपिंड. पुन्हा धुऊन टीएमबी नावाचं रसायन टाकलं की खाच निळी होते, आम्ल पडताच पिवळी. रंग जितका गडद, तितकं प्रथिन जास्त. मोजमाप पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! (मला तर हे अजूनही जादूसारखं वाटतं.)

गोम अशी, की माणसाचं किट मेंढीला चालेलच असं नाही. मेंढीच्या सीरमवर पडताळलेलंच घ्यावं, नुसत्या लेबलवर जाऊ नये. शिवाय ही प्रथिनं रोगाचं नाव सांगत नाहीत. पीपीआर या मेंढ्यांच्या साथरोगातही वाढतात, साध्या फुप्फुसदाहातही. म्हणून हे किट संशोधकांच्या कामाचं. पीपीआरच्या निदानासाठी वेगळी एलायझा आहे, ती भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या (आयव्हीआरआय) मुक्तेश्वर केंद्रात तयार झाली.

मेंढपाळ मित्रांनो, ताप, नाक-डोळ्यांतून स्राव आणि हगवण एकत्र दिसली तर मेंढी वेगळी बांधा आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पीपीआरची लस आहे, ती चुकवू नका.