रंगाची बंदूक सगळ्यात शेवटी

मागच्या भागात आपण इंजिन उघडून परत बसवलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारणा झाली ती रंगाची. जुन्या स्पोर्ट्स कारला घरच्या घरी रंग देता येतो का? येतो. पण त्यात बंदूक चालवण्याचं काम फार थोडं असतं, आणि जे धोक्याचं असतं त्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

माझ्याकडची गाडी म्हणजे १९४८ सालची एमजी टीसी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे १०,००० गाड्या बनल्या. इंजिन १,२५० सीसी, साधारण ५४ अश्वशक्ती, दोन एसयू कार्ब्युरेटर, १९ इंची तारांची चाकं. सगळ्याच्या सगळ्या उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या, अमेरिकेला गेलेल्यासुद्धा. आजच्या साध्या हॅचबॅकपुढे ही गाडी वेगात कुठेच टिकणार नाही, पण लांब बॉनेटमागे रस्त्याला टेकल्यासारखं बसून चालवण्याची मजा काही वेगळीच.

घरी काम करणाऱ्याला ही गाडी सोयीची आहे, कारण तिचे मडगार्ड, फूटबोर्ड, बॉनेट, मागची पेट्रोलची टाकी हे सगळं नटबोल्ट काढून वेगळं करता येतं. एकेक भाग टांगून रंगवायचा. पूर्ण गाडी मावेल एवढं पेंट बूथ लागत नाही. नंतरच्या काळातल्या, चासी आणि बॉडी एकजीव असलेल्या गाड्यांना ही सवलत नाही. त्यांचा सांगाडाच पत्र्याचा, त्यामुळे दाराखालचा पत्रा सडला की गाडीची ताकदच जाते, आणि त्या कापाकापीला घरी हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

टीसीचं दुखणं निराळं. तिचा पत्रा ॲश लाकडाच्या सांगाड्यावर बारीक खिळ्यांनी ठोकलेला असतो. ॲश चिवट आणि लवचीक, अवजारांचे दांडे त्याचे करतात. पण पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये पाणी शिरलं की बाहेर यायला वाट नाही. लाकूड कुजतं, पत्रा आतून गंजतो, आणि वरून रंग मात्र चकचकीत. म्हणून अशी गाडी बघायला गेलात की आधी दार अर्धवट उघडून हलकेच वर उचलून बघा. बिजागरीजवळचा खांब हलला तर लाकूड गेलेलं आहे. टीसीची दारं मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली, म्हणजे चालत्या गाडीत कडी निसटली तर वारा दार बंद करत नाही, भसकन उघडतो. तेव्हा हा प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही.

आपल्याकडे अशा गाड्यांत ॲशऐवजी सागवान घातलेलं सापडतं. शुद्धतावादी नाक मुरडतात. सागवान टिकतं उत्तम, फक्त ते तेलकट असल्यामुळे गोंद नीट धरत नाही. जोड देण्याआधी थिनरने पुसून लगेच चिकटवावं लागतं. मी खराब झालेले दोन खांब बदलले, बाकी जुनं लाकूड ठेवलं.

दुसरी तपासणी चुंबकाची. एक छोटं चुंबक मऊ कापडात गुंडाळा आणि मडगार्डवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली पुट्टीचा थर आहे. माझ्या गाडीच्या डाव्या मडगार्डवर आधीच्या कुठल्या तरी वर्कशॉपने बोटभर जाडीची पुट्टी थापली होती. पत्रा ठोकून सरळ करण्याऐवजी खड्डाच भरून टाकला होता. पुट्टी, म्हणजे घराच्या रंगकामात आपण जिला लांबी म्हणतो ती, दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेली की उन्हाळ्या-हिवाळ्यात तडकते.

आता जुना रंग काढण्याकडे येऊ. इथे थांबून ऐका.

त्या काळातल्या रंगांत शिसं असायचं. गंजविरोधी लाल प्रायमर तर शिशाचाच. कारखान्यात पत्र्याचे सांधे भरायलाही शिसं वापरत. असा रंग ग्राइंडरने कोरडा घासला की त्याची धूळ पडद्यांवर, कपड्यांवर, अंगणातल्या सायकलवर जाऊन बसते. घरात रांगणारं मूल असेल तर ती धूळ त्याच्या तोंडात जाणारच, आणि शिशाने लहान मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून येत नाही. म्हणून जुना रंग नेहमी ओला करून घासायचा, गाळ वर्तमानपत्रावर गोळा करायचा, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत. आमचा नातू सुट्टीत आला की शेडला कुलूप. त्याला ते फार लागायचं, पण आजीचा हुकूम माझ्या हुकमाच्या वरचा.

रंग काढायची पेस्ट मिळते. तिच्यात बऱ्याचदा मिथिलीन क्लोराइड असतं. बंद जागेत त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत, तेव्हा ती वापरायची तर उघड्यावरच. वाळूचा मारा मात्र पातळ पत्र्यावर नको. पत्रा फुगतो, लाटा येतात, त्या पुन्हा जात नाहीत. चासीच्या जाड लोखंडाला चालतो, पण ते काम बाहेर देऊन करून घ्यावं.

पत्रा उघडा झाला की घड्याळ सुरू झालं असं समजा. बडोद्याच्या दमट दिवसात घामाच्या बोटांचे ठसे दुसऱ्या सकाळी तांबूस दिसतात. म्हणून जेवढा भाग आज उघडाल, त्याला आजच प्रायमर. मी इपॉक्सी प्रायमर मारला, त्यावर पुट्टी, त्यावर पुन्हा प्रायमर. आणि एक सवय मोडायला हवी. आपल्याकडचे बहुतेक डेंटर-पेंटर पुट्टी पाणी मारून घासतात. पॉलिएस्टर पुट्टी स्पंजासारखं पाणी पिते, ते पाणी रंगाखाली अडकतं आणि वर्षभरात फोड येतात. जुना शिशाचा रंग ओला घासायचा, नवी पुट्टी कोरडी घासायची, अर्थात तोंडाला धुळीचा मास्क लावून. उलटसुलट वाटतं, पण दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

घासताना बोटांनी कागद दाबायचा नाही. बोटांच्या रेघा उठतात. कागदाखाली सपाट लाकडी ठोकळा हवा. पुट्टीला ८० नंबरपासून सुरुवात, मग १८०, २४०, आणि शेवटच्या प्रायमरला ४०० नंबरचा वॉटर पेपर. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा मारून मग घासा. जिथे काळं राहतं तो खड्डा, जिथे लगेच जातं तो उंचवटा. मी ईएमईमध्ये तीस वर्षं काढली, पण आमच्या फौजी गाड्यांचा रंग मॅट ऑलिव्ह ग्रीन. मॅट रंग सगळं पोटात घालतो. चकचकीत काळा रंग चहाडखोर. तळहाताएवढी लाटसुद्धा दहा पावलांवरून दाखवतो.

माझे या कामातले गुरू आमच्या भागातले एक जुने पेंटर. मी त्यांना उस्ताद म्हणतो, ते मला कर्नल साब. ते डोळ्यांनी बघत नाहीत, सुती फडकं तळहाताखाली धरून मडगार्डवरून हात फिरवतात आणि बोट ठेवून म्हणतात, "यहाँ." तिथे खरोखर काहीतरी असतं. पण उस्ताद आता स्वतः बंदूक धरत नाहीत. अनेक वर्षं नाकाला रुमाल बांधून टू-के रंग मारला, आता दोन जिने चढले की छातीतून शिट्टी वाजते. डॉक्टरांनी रंगामुळे झालेला दमा असं निदान केलं आहे. मी बंदूक चालू केली की ते शेडपासून लांब, वाऱ्याच्या उलट दिशेला खुर्ची टाकून बसतात.

टू-के म्हणजे दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या फवाऱ्यानेही दम्याचा झटका येऊ शकतो, आणि ती ॲलर्जी सहसा जात नाही. रुमालाने त्याला काही होत नाही. कोळशाच्या मास्कवरही भरवसा नाही, कारण त्याचा वास येत नाही आणि मास्क संपल्याचं कळतच नाही. बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. गल्लीतल्या घरात, शेजारी खिडक्या उघड्या असताना, टू-के मारायचा नाही. मला कुणी किती समजावलं तरी या बाबतीत मी ऐकणार नाही. तो रंग हवाच असेल तर तयार केलेले भाग चांगल्या बूथमध्ये न्या.

घरी काय मारायचं मग? एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. आपल्या गॅरेजमध्ये त्याला अजून ड्यूको म्हणतात. ड्यूको हे अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या रंगाचं नाव. १९२३ साली जनरल मोटर्सने ओकलँड गाडीला तो वापरला. त्याआधी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागायचे, या रंगाने ते काम फार थोड्या वेळात होऊ लागलं. माझ्या गाडीच्या काळातला रंग याच जातीचा. एनसी नुसतं थिनर उडून वाळतो, त्यात आयसोसायनेट नाही. ओघळ आला तर वाळवून घासा आणि पुन्हा मारा. वीस वर्षांनी ओरखडा पडला तरी तेवढाच भाग दुरुस्त होतो. तोटे आहेतच. थर पातळ बसतो, पेट्रोलचा थेंब पडला की डाग, आणि टू-केची काचेसारखी जाड चमक येत नाही. १९४८ च्या गाडीला ती नसलेलीच बरी.

एक काळजी मात्र घ्या. खालचा जुना रंग तसाच ठेवणार असाल तर थिनरचा बोळा त्यावर मिनिटभर धरा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर तो एनसी, सुरकुतला तर सिंथेटिक एनॅमल, काहीच झालं नाही तर बहुधा टू-के. एनॅमलवर एनसी मारला की खालचा रंग उचलला जातो, सगळी मेहनत पाण्यात.

एनसी निरुपद्रवी आहे असं कुणी समजू नका. त्याची वाफ भयंकर ज्वालाग्राही असते. कॉम्प्रेसर शेडच्या बाहेर, दिव्याची बटणं आधीच चालू, खिडक्या सताड उघड्या, आणि वाफेच्या मास्कशिवाय आत पाऊल नाही. आपल्या घरांत आणखी एक गोष्ट असते, संध्याकाळचं निरांजन. आमचं तुळशीवृंदावन शेडपासून पाच पावलांवर आहे. म्हणून रंगाचं काम दुपारी चारला बंद, म्हणजे बंदच.

हवामान पाहूनच बंदूक उचलायची. थिनर उडताना पत्रा गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर दुधासारखी झाक येते. पावसाळ्यात हे हमखास. सावकाश उडणारा रिटार्डर थिनर थोडाफार मदत करतो, पण कोकणात किंवा कोलकात्यात राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर लाकूडकाम करावं. मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडले. बंदूक पत्र्यापासून वीतभर, हात कोपऱ्यातून वळवायचा नाही, अख्खा खांदा सरकवायचा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी गाळणारा फिल्टर हवाच. रंगाआधी सगळे भाग एकदा गाडीवर बसवून दाराच्या फटी बघून घ्या. रंगवल्यावर छिद्र पाच मिलिमीटर सरकवायची वेळ कुणावर येऊ नये.

माझ्या वहीत नोंद आहे. पूर्ण काम ३१ महिने. त्यात बंदूक हातात होती ते दिवस अकरा.

रंग कोणता, हाही प्रश्न असतो. डॅशबोर्डमागच्या एका पट्टीखाली मला मूळ हिरवा सापडला, म्हणून हिरवा. मूळ रंग बऱ्यापैकी टिकून असेल, तर माझा सल्ला गाडी रंगवूच नका असा आहे. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिव्हा, तिच्या ट्युरिन चार्टरमध्येही जतनावरच भर आहे. आणि रंग बदलणार असाल तर आधी आरटीओची परवानगी, आरसीवर नोंद.

५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्राने वेगळे नियम केले. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर, २०,००० रुपये शुल्क, नोंदणी १० वर्षांची. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणून रंग काढण्याआधीचे, लाकूड बदलतानाचे, प्रत्येक टप्प्याचे फोटो तारखेसकट ठेवा. तपासणीच्या वेळी ते कामाला येतात.

एनसी शेवटचा थर दिल्यावर काही आठवडे आकसत राहतो. तेवढे दिवस पॉलिशला हात लावू नका. नंतर १,००० आणि २,००० नंबरचा पेपर साबणाच्या पाण्यात, मग रबिंग कंपाउंड. कडांवर जपून, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो. मडगार्ड बॉडीला जोडताना मधली पाइपिंगची पट्टी विसरू नका, नाहीतर लोखंडावर लोखंड घासून नवा रंग पहिल्या शंभर किलोमीटरात उडेल. पुढच्या भागात डायनॅमो आणि वायरिंग घेऊ.