‘राहता कुठे?’ : प्रश्नावलीतला सगळ्यात सोपा वाटणारा प्रश्न

शहराच्या उपनगरावर काम करायचं ठरवलंत, मग विषय पाण्याचा असो, कचऱ्याचा, वाहतुकीचा किंवा आरोग्याचा, तर प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर एक रकाना हमखास येतो: ‘परिसर’. नाव, वय, शिक्षण, परिसर. आपण तो भरून घेतो आणि पुढच्या ‘खऱ्या’ प्रश्नांकडे वळतो. या लेखात मला त्या एकाच रकान्यावर बोलायचंय. बदलत्या उपनगरात तो रकाना चुकला, तर पुढची आकडेमोड कितीही नेटकी असली तरी निष्कर्ष भलतीकडे जातो.

उदाहरण पुण्याच्या नैऋत्येचं घेऊ. सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे निघालात की धायरी, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी ही गावं लागतात. यातली धायरी २०१७ मध्ये ११ गावांबरोबर महापालिकेत आली. बाकीची चार २०२१ च्या जूनअखेरीस समाविष्ट झालेल्या २३ गावांमधली. म्हणजे कागदावर सगळा भाग शहर. प्रत्यक्षात तिथे गावठाण आहे, वाड्या आहेत, फाटे आहेत, गुंठेवारीतल्या इमारती आहेत आणि हजारो फ्लॅटच्या टाऊनशिपही आहेत.

आता इथल्या एखाद्याला विचारा, ‘राहता कुठे?’ उत्तर विचारणारा कोण आहे त्यावर ठरतं. ऑफिसात तो सांगेल ‘सिंहगड रोडला’. रिक्षावाल्याला सांगेल ‘नांदेड फाटा’. पार्सलवाल्याला सोसायटीचं नाव. साताऱ्याच्या मामाला नुसतं ‘पुण्यात’. आणि नळाला पाणी आलं नाही की तक्रारीच्या अर्जात गावाचं नाव. यातलं एकही उत्तर खोटं नाही. पण तुमच्या एक्सेलमध्ये हे पाच वेगवेगळे परिसर होतात.

हा नुसता शब्दांचा खेळ आहे का?

नाही. जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात गुइलेन-बारे सिंड्रोमचे म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. हातपाय लुळे पडतात, काहींना व्हेंटिलेटर लागतो. पुणे आणि परिसरातल्या संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली, काही जण दगावले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं.

तेव्हा रोज जाहीर होणाऱ्या आकड्यांची विभागणी आठवून पाहा: पुणे महापालिका, महापालिकेत नव्याने समाविष्ट गावं, पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे ग्रामीण आणि इतर जिल्हे. यातला दुसरा रकाना खूप काही सांगतो. नकाशावर ही गावं शहरात येऊन साडेतीन वर्षं झाली होती. तरी रोगाचा माग काढताना ती वेगळीच मोजावी लागली, कारण पाण्याची व्यवस्था वेगळी होती. नांदेडमधल्या विहिरीतून आसपासच्या भागाला पाणी जात होतं, तेही शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता, क्लोरीन टाकून. हद्द बदलायला एक अधिसूचना पुरते. जलवाहिनीला काही वर्षं लागतात.

एक छोटं गणित

खालचे आकडे काल्पनिक आहेत, फक्त मुद्दा कळण्यासाठी.

एक जुनं गाव आहे, लोकसंख्या ५,०००, पाणी विहिरीचं. त्याला लागून त्याच नावाची टाऊनशिप आहे, लोकसंख्या २०,०००, पाण्याचा स्रोत वेगळा. एकूण १० रुग्ण सापडले: ८ गावातले, २ टाऊनशिपमधले.

दोन्ही वेगळे मोजले, तर गावात लाखामागे १६० आणि टाऊनशिपमध्ये लाखामागे १०. सोळा पट फरक! कुणीही म्हणेल, आधी विहीर तपासा.

पण सगळ्यांनी रकान्यात एकच नाव लिहिलं, तर २५,००० लोकांत १० रुग्ण, म्हणजे लाखामागे ४०. सोळा पट फरक एका रकान्यात विरघळून गेला.

आणखी एक शक्यता आहे. रुग्ण सगळे मोजले, पण लोकसंख्या जुन्या जनगणनेतल्या गावाची, म्हणजे ५,००० धरली. मग दर लाखामागे २००. हा आकडा गावाचाही नाही आणि टाऊनशिपचाही नाही. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे झपाट्याने वाढलेल्या उपनगरांवर काम करणाऱ्या प्रत्येकासमोर हा खड्डा आहेच.

याला शास्त्रात नाव आहे

भूगोल आणि अवकाशीय सांख्यिकीत याला ‘बदलत्या क्षेत्रीय एककाचा प्रश्न’ म्हणतात. वाचताना ‘एमएयूपी’ हे लघुरूप भेटेल. ओपनशॉ आणि टेलर यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ९९ काउंटी घेतल्या आणि वयस्क मतदारांचं प्रमाण व रिपब्लिकन पक्षाची मतं यांच्यातला सहसंबंध तपासला. त्याच काउंटी वेगवेगळ्या पद्धतीने एकत्र करत गेल्यावर सहसंबंध जवळजवळ उणे १ पासून जवळजवळ अधिक १ पर्यंत कुठेही नेता आला. माहिती तीच, फक्त रेघा बदलल्या.

मग रेघ कुठे ओढायची? इथे जॉन स्नो आठवतो. १८५४ च्या लंडनमधला कॉलरा, ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि ठिपक्यांचा नकाशा आपण सगळ्यांनी वाचलेला असतो. त्याच्या नकाशाच्या पुढच्या आवृत्तीत एक रेघ आहे, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. त्या रेघेवरच्या कुठल्याही जागेपासून ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि जवळचा दुसरा पंप चालत सारख्याच अंतरावर येतात. स्नोने प्रशासकीय हद्द उसनी घेतली नाही. लोक पाण्याला कुठे जातील, या प्रश्नातून त्याने आपला ‘परिसर’ बनवला. तुमचा परिसरही तुमच्या प्रश्नातूनच यायला हवा.

मग लोकांनी सांगितलेलं नाव सोडून द्यायचं?

विज्ञान शाखेतून आलेल्यांना हा मोह होतो: जीपीएसचे अक्षांश-रेखांश घ्या, नाव कशाला? पण नावात वेगळी माहिती असते. केविन लिंच यांनी १९६० च्या ‘द इमेज ऑफ द सिटी’ मध्ये बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांच्या मनातले नकाशे समजून घेतले. वाटा, कडा, भाग, चौक आणि खुणेच्या जागा या पाच गोष्टींनी लोक शहर मनात बांधतात, असं त्यांनी मांडलं. आपल्याकडे ‘फाटा’ हा शब्द एकटाच वाट, चौक आणि खूण, तिन्हीचं काम करतो!

शिवाय नाव हे तक्रारीचं साधन असतं. ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आल्यावर ग्रामपंचायती गेल्या. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला. म्हणजे जीबीएसची साथ आली तेव्हा इथे सरपंचही नव्हता आणि नगरसेवकही नव्हता. अशा वेळी ‘आम्ही कोण’ हे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरतं, टँकरचे पैसे कुणी वाटून घ्यायचे यावर ठरतं, जत्रेची वर्गणी कुणाकडे मागितली जाते यावर ठरतं. गाववाले आणि सोसायटीवाले एकाच रस्त्यावर राहतात, पण पाणी गढूळ आलं की दोघांचे फोन वेगळ्या माणसांना जातात. तुमचा विषय ‘तक्रार का नोंदवली जात नाही’ असा असेल, तर ही सीमा जलवाहिनीपेक्षा महत्त्वाची.

सायनॉप्सिस लिहिण्याआधी एवढं करा

१. ‘परिसर’ या एका रकान्याचे तीन करा: स्वतः सांगितलेलं नाव, प्रशासकीय एकक, आणि तुमच्या प्रश्नाशी जोडलेलं एकक (पाण्याचा स्रोत, दवाखाना, बसथांबा, जे असेल ते).

२. पत्त्यावरून सॉफ्टवेअरने आपोआप काढलेले बिंदू डोळ्यांनी तपासा. पुण्याच्या सर्वेक्षणात कुणी नुसतं ‘नांदेड’ लिहिलं, तर बिंदू थेट मराठवाड्यात, गोदावरीकाठी जाऊन बसू शकतो. पिनकोडवरही विसंबू नका. तो १९७२ मध्ये टपालवाटपासाठी आला, रोगाच्या किंवा पाण्याच्या सीमा दाखवायला नाही.

३. पायलट सर्वेक्षणात वीसेक जणांना छापील नकाशा द्या आणि ‘तुमचा परिसर पेनने रेखाटा’ म्हणा. ती रेखाटनं क्यूजीआयएसमध्ये एकावर एक ठेवा. सगळ्यांची एकमेकांवर येणारी जागा हा परिसराचा गाभा. जिथे मतभेद दिसतील तिथे पुढच्या मुलाखती घ्या.

४. मुख्य विश्लेषण किमान दोन वेगळ्या सीमांवर करून पाहा. निष्कर्ष टिकला तर तसं लिहा. बदलला तर तेही लिहा, कारण तो बदल हाच कदाचित तुमचा खरा निष्कर्ष असेल.

५. अहवालात नाव छापण्याआधी थांबा. साथीच्या काळात एखाद्या परिसराचं नाव आजाराला चिकटलं की तिथल्या भाडेकरूला, दुकानदाराला, घरकाम करणाऱ्या बाईला त्याची किंमत मोजावी लागते. सार्वजनिक हितासाठी नाव आवश्यक असेल तर जरूर द्या, पण नेमकं द्या. बाधित विहिरीचं पाणी न पिणाऱ्या अख्ख्या ‘सिंहगड रोड’ला त्यात ओढू नका.

गाईडकडे जाण्याआधी एक गोष्ट करून पाहा. तुमच्या प्रश्नावलीतला ‘परिसर’ हा शब्द खोडा आणि त्या जागी तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय ते एका वाक्यात लिहा. वाक्य जमलं तर रकाना आपोआप सुधारेल. जमलं नाही, तर अजून प्रश्नच नीट ठरलेला नाही, आणि ते सर्वेक्षणाला बाहेर पडण्याआधी कळलेलं बरं.