चढ आणि उतार

डिसेंबर महिना सरत आला की मावळाचे रूप पालटते. भाताची कापणी व मळणी उरकून खाचरे मोकळी झालेली असतात, पेंढ्याच्या गंजी रचल्या जातात, इंद्रायणीचे पाणी निवळते आणि पावसाळ्यात हिरवेगार असलेले डोंगर वाळल्या गवताने सोनेरी दिसू लागतात. याच दिवसांत नाताळची सुट्टी येते. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला असून त्याचा मूळ अर्थ ‘जन्म’ असा आहे. २५ डिसेंबर हा दिवस येशू ख्रिस्ताचा जन्मदिन म्हणून जगभर साजरा होतो. त्या सुमारास लोणावळ्यात ख्रिस्ती कुटुंबांच्या दारांत कागदी चांदण्या लावल्या जातात, चिक्कीच्या दुकानांपुढे गर्दी उसळते आणि मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या पाहुण्यांनी गाव फुलून जाते.

या पाहुण्यांपैकी पुष्कळ जण लोणावळ्यावरच थांबत नाहीत. बोरघाट उतरून ते खोपोलीच्या बाजूला जातात. तेथे, रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, २०१३ साली ‘इमॅजिका’ नावाचे एक विस्तीर्ण क्रीडोद्यान सुरू झाले. अशा उद्यानाला ‘थीम पार्क’ असे म्हणतात. जत्रेत आकाशपाळणे, चक्रे आणि खेळ एकमेकांशेजारी उभे असतात. परंतु त्यांना जोडणारे सूत्र नसते. थीम पार्कमध्ये मात्र रस्ते, इमारती, संगीत, सेवकांचे पोशाख आणि खेळ हे सारे एखाद्या कथेभोवती किंवा कल्पनेभोवती रचलेले असते. अमेरिकेत १९५५ साली वॉल्ट डिस्ने यांनी ‘डिस्नेलँड’ उघडले, तेव्हापासून ही पद्धत जगभर रूढ झाली. नाताळात अशा उद्यानांतून रोषणाई होते, उंच झाडे सजवली जातात आणि कापसाचा बर्फ त्यांच्या फांद्यांवर पसरला जातो.

परंतु मुलांचे डोळे या झाडांवर फार वेळ टिकत नाहीत. ते वळतात दूर दिसणाऱ्या उंच लोखंडी वाटेकडे. ही वाट आकाशात चढते, एकदम खाली कोसळते, वेटोळे घेते आणि पुन्हा वर जाते. तिच्यावरून धावणाऱ्या गाडीतून किंकाळ्या ऐकू येतात आणि थोड्याच वेळात तेच प्रवासी हसत हसत खाली उतरतात. ही गाडी म्हणजे ‘रोलर कोस्टर’. इमॅजिकातील ‘नायट्रो’ नावाच्या रोलर कोस्टरची उंची सुमारे ४० मीटर आहे.

ही गाडी पाहून बहुतेकांना वाटते की, तिला फार बलवान एंजिन जोडलेले असावे. प्रत्यक्षात या गाडीला एंजिन मुळीच नसते! रुळांखाली बसवलेली एक साखळी विजेच्या मोटारीने फिरत असते. ती गाडीला पकडून पहिल्या चढाच्या माथ्यापर्यंत ओढून नेते. तेथे साखळी गाडीला सोडते. त्यापुढचा सगळा प्रवास गाडी केवळ पृथ्वीच्या आकर्षणाच्या बळावर पुरा करते.

हे कसे घडते? कोणतीही वस्तू उंचावर नेण्यासाठी श्रम करावे लागतात. ते श्रम वाया जात नाहीत. वस्तूच्या ठिकाणी ते स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठून राहतात. वस्तू खाली येऊ लागली म्हणजे या ऊर्जेचे रूपांतर गतिज ऊर्जेत, म्हणजेच वेगात, होते. पुन्हा चढ लागला की वेग खर्च होतो आणि उंची मिळते. ४० मीटर उंचीवरून सुटलेल्या गाडीला वाटेत घर्षण व हवेचा विरोध मुळीच झाला नाही, तर तळाशी येईपर्यंत तिला ताशी सुमारे १०० किलोमीटर इतका वेग येईल. प्रत्यक्षात घर्षण आणि हवा यांच्यापायी थोडी ऊर्जा प्रत्येक पावलाला खर्च होते. म्हणूनच रोलर कोस्टरचा पहिला चढ सर्वांत उंच असतो. पहिल्या चढावर मिळवलेली शिदोरीच पुढे पुरवून पुरवून वापरायची असते.

उंची आणि वेग यांचा हा व्यवहार सह्याद्रीला नवा नाही. खोपोली समुद्रसपाटीपासून १०० मीटरसुद्धा उंच नाही. तर घाटमाथ्यावरचे लोणावळे ६०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. हा चढ आगगाडीने ओलांडावा म्हणून १८५६ साली बोरघाटात काम सुरू झाले. या घाटाची वाट इंग्रज यंत्रविशारदांना शिंगरोबा नावाच्या एका धनगराने दाखवली, अशी आख्यायिका आहे. घाटात त्याचे देऊळ असून जाणारे-येणारे प्रवासी आजही तेथे हात जोडतात. कठीण काळा पाषाण फोडून येथे २५ बोगदे खोदण्यात आले. एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर या कामावर राबत होते. त्यांतील हजारो लोक पटकी, ताप आणि अपघात यांना बळी पडले. कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हाही १८५९ साली येथे आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने तो ठेका सांभाळून काम तडीस नेले. अखेर १८६३ साली घाटातून गाड्या सुरू झाल्या.

या मार्गावर काही ठिकाणी ३७ फूट पुढे जाताना १ फूट चढावे लागते. डोळ्यांना हा चढ किरकोळ वाटतो, पण शेकडो टनांच्या गाडीला तो फार जड जातो. म्हणून वर येणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जत स्थानकात मागून जादा एंजिने जोडतात. रोलर कोस्टरची साखळी जे काम करते, तेच काम येथे ही एंजिने करतात. चढताना लागते ती शक्ती आणि उतरताना लागतो तो संयम. घाट उतरताना एखाद्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर काय करावे? त्यासाठी मुख्य रुळांपासून काही फाटे काढलेले आहेत. ते डोंगराच्या बाजूला वर चढत जातात. बेफाम झालेली गाडी या फाट्यावर वळली की चढावर तिचा वेग हळूहळू खर्च होतो आणि ती थांबते. ज्या नियमाने एके ठिकाणी मुलांना गंमत वाटते, त्याच नियमाने दुसऱ्या ठिकाणी शेकडो प्रवाशांचे प्राण वाचू शकतात.

रोलर कोस्टरचा जन्मही अशाच कष्टाच्या वाटेवर झाला. रशियातील लोक पूर्वी हिवाळ्यात लाकडी मचाणांवर बर्फ थापून मोठमोठ्या घसरगुंड्या करीत, ही त्याची एक पायरी होय. दुसरी पायरी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात घडली. तेथे मॉक चंक गावाजवळच्या खाणीतून कोळसा खाली आणण्यासाठी १८२७ साली उतरता रेल्वेमार्ग बांधला गेला. कोळशाच्या गाड्या उताराने आपोआप खाली येत. त्यांच्याबरोबर खेचरांनाही गाडीतच बसवून आणीत आणि मग तीच खेचरे रिकाम्या गाड्या वर ओढून नेत. पुढे कोळसा दुसऱ्या मार्गाने जाऊ लागला, तेव्हा हौशी प्रवासी या गाड्यांतून केवळ मौजेसाठी उतरू लागले. १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे लामार्कस थॉम्पसन याने अशी गाडी खास करमणुकीसाठी सुरू केली. तिचा वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर होता. तरीही तिच्यात बसण्यासाठी लोक रांगा लावीत.

आजच्या गाडीला एवढा वेग असूनही ती रुळांवरून उडून का जात नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर तिच्या चाकांत आहे. आगगाडीची चाके रुळांच्या वर असतात. रोलर कोस्टरला मात्र तीन प्रकारची चाके असतात. काही रुळांच्या वर, काही बाजूला आणि काही खाली. त्यामुळे मुठीत काठी धरावी तसे गाडीने रूळ धरलेले असतात. पहिला चढ चढताना ‘कट कट’ असा आवाज ऐकू येतो, तोही असाच बोलका आहे. गाडीखालचा खटका चढावरच्या दातेरी पट्टीत एकेका दात्यावर अडकत जातो. साखळी तुटली, तरी गाडी मागे घसरू नये, यासाठी ही योजना असते. भित्र्या माणसाला त्या आवाजाने धडकी भरते. पण वस्तुतः तो धीर देणारा आवाज आहे.

गोल वेटोळ्यातून जाताना डोके खाली आणि पाय वर होतात. १८९५ साली कोनी आयलंड येथे बांधलेले वेटोळे अगदी वर्तुळाकार होते. त्यात शिरताना प्रवाशांच्या मानेला जोराचे हिसके बसत. पुढे तज्ज्ञांनी विचार केला की, तळाशी वेग जास्त असतो, म्हणून तेथे वळण मोठे हवे; माथ्यावर वेग कमी होतो, म्हणून तेथे वळण लहान हवे. असे केल्यावर वेटोळ्याचा आकार पाण्याच्या थेंबासारखा झाला. १९७६ साली कॅलिफोर्नियात या आकाराचे वेटोळे यशस्वी झाले आणि तेव्हापासून तोच आकार प्रचारात आला.

नाताळच्या गर्दीत या खेळापुढे फार लांब रांग लागते. ती पाहून काही जण चिडतात. गाड्या आणखी भरभर का सोडत नाहीत, असे ते विचारतात. त्याचे कारण असे : सगळ्या वाटेचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढचा भाग मोकळा झाल्याची खूण मिळाली नाही, तर मागची गाडी ब्रेक लावून थांबवली जाते. आगगाड्यांच्या सिग्नलांमागेही हेच तत्त्व आहे. रांगेतला हा वेळ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी मोजलेली किंमत असते.

रांगेच्या तोंडाशी एक खांब असतो आणि त्यावर उंचीची रेघ आखलेली असते. दर सुट्टीत एखादा मुलगा तेथवर पोचतो, खांबाला पाठ लावून ताठ उभा राहतो, हळूच टाचाही उंचावतो. पण त्याचे डोके रेघेला लागत नाही. त्याचे सोबती आत जातात आणि तो मागे राहतो. अशा वेळी डोळ्यांत पाणी येणे स्वाभाविक आहे. तथापि ही रेघ कोणाच्या धैर्याची परीक्षा घेण्यासाठी आखलेली नसते. खांद्यांवरून खाली येणारा पट्टा ठरावीक बांध्याच्या शरीरालाच घट्ट बसतो. लहान शरीर त्यातून निसटू शकते. गाडीत बसलेल्या मुलाला जे वाटते ते भय खरे असते, पण धोका दूर ठेवलेला असतो. उंचीची रेघ ओलांडून लहान मुलाला आत सोडले, तर मात्र भयाच्या जोडीला धोकाही गाडीत येऊन बसेल. म्हणून ‘पुढच्या वर्षी ये हं, बाळ,’ असे म्हणून त्याला परत पाठवणारा सेवक त्याचा हितचिंतकच असतो.

असे हितचिंतक आणखीही असतात. ते सहसा कोणाला दिसत नाहीत. उद्यानाचे दरवाजे उघडण्यापूर्वी, पहाटेच्या थंडीत, कारागीर रुळांची पाहणी करतात, चाके व पट्टे तपासतात आणि रिकाम्या गाड्या फिरवून पाहतात. एखादी बारीकशी शंका आली, तरी खेळ बंद ठेवावा लागतो. सुट्टीच्या दिवशी लोक कुरकुरतात. पण खेळ बंद ठेवण्याचे धैर्य हे गाडीत बसण्याच्या धैर्यापेक्षा मोठे होय.

संध्याकाळी मावळाकडे परतणाऱ्या मोटारी बोरघाट चढू लागतात. गर्दीमुळे त्या मुंगीच्या गतीने सरकतात. घाटात कोठे कोठे बोगद्यांची काळी तोंडे दिसतात. जे बोगदे खोदताना हजारो माणसांनी धोका पत्करला, त्यांच्यामुळेच आज प्रवासी गाडीत निर्धास्तपणे डुलकी घेत घाट ओलांडतात. त्या मजुरांना उंचीची रेघ आखून देणारे कोणी नव्हते.

अशा उद्यानाचे तिकीट बरेच महाग असते आणि प्रत्येक मुलाला तेथे जाणे शक्य होईलच असे नाही. पण या खेळाचे मर्म जाणण्यासाठी तिकीट लागत नाही. जाडसर रबरी नळी मधोमध उभी चिरली की तिच्या दोन पन्हळी होतात. त्यांतली एक पन्हळ दोन पाटांच्या आधाराने चढ-उताराची मांडावी आणि तिच्या टोकावरून एक गोटी सोडावी. दुसरा चढ पहिल्यापेक्षा उंच केला, तर गोटी तो कधीच चढत नाही. तो थोडा बुटका केला, तर ती सहज पार होते. किती बुटका करावा लागतो, हे मोजून पाहिले म्हणजे घर्षणाने किती उंची खाल्ली ते कळते. नायट्रोची वाट आखणाऱ्या यंत्रविशारदांनाही नेमका हाच हिशेब करावा लागला होता.