तुटत्या ताऱ्यावरून निरोप

तुटणारा तारा म्हणजे उल्का. सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर जळताना ती विद्युत्‌भारित कणांची रेषा मागे ठेवते. एरवी सरळ आकाशात निघून जाणाऱ्या रेडिओलहरी या रेषेवरून परततात आणि दोन हजार किलोमीटरपर्यंत पोचतात. पण रेषा बहुधा क्षणभरच टिकते. १९५४ साली अमेरिकेतील पॉल विल्सन व राल्फ थॉमस या हौशी मंडळींनी १४४ मेगाहर्ट्‌झवर असा पहिला संपर्क साधला. ठरल्या वेळी एकाने पाठवायचे, दुसऱ्याने ऐकायचे, मग उलट. २००१ पासून संगणक मदतीला आला, नियम मात्र तोच: सांकेतिक नाव, अहवाल आणि ‘मिळाले’ ही पोच दोहोंकडून आल्यावाचून संपर्क धरत नाहीत. कामगारांच्या वाटाघाटींतही एकाने सांगितले म्हणजे बोलणे झाले, असे नव्हे.