बिनकागदी मजुरांचा हिशेब

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं एक लष्करी विमान हद्दपार केलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. बहुतेक जण पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे, तिघे महाराष्ट्रातले. हातातल्या बेड्यांवरून आपल्याकडे चार दिवस गदारोळ झाला आणि शमला. अमेरिकेत मात्र बिनकागदी मजुरांचा वाद शंभर वर्षं जुना आहे, आणि त्यातली दोन वाक्यं ठरलेली आहेत: ‘हे लोक आमच्या नोकऱ्या खातात’ आणि ‘हे लोक नसतील तर आमची शेतं ओस पडतील’. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. पण देशाला एकूण नफा की तोटा, यावर भांडत बसलं की तो नफा कोणाच्या खिशात जातो आणि तोटा कोणाच्या माथी येतो, हे बाजूलाच राहतं.

किती आणि कोण

प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार २००७ मध्ये अमेरिकेत १ कोटी २२ लाख लोक कागदपत्रांविना राहत होते. २०२३ मध्ये ही संख्या १ कोटी ४० लाखांवर गेली. हे सगळेच कुंपण ओलांडून आलेले नाहीत. मोठा हिस्सा रीतसर व्हिसावर आला आणि मुदत संपल्यावर परतलाच नाही. शिवाय २०२३ च्या आकड्यातल्या ४० टक्क्यांहून अधिक लोकांना तात्पुरतं का होईना, काही ना काही संरक्षण होतं: कुणाचा आश्रयाचा अर्ज पडून होता, कुणाच्या देशात युद्ध किंवा भूकंप झाल्यामुळे सवलत मिळाली होती.

मोजणीवर फार विसंबू नये. भारतीयांचंच घ्या. प्यूचा अंदाज सव्वासात लाखांचा, तर खुद्द अमेरिकी सरकारचा २०२२ चा अंदाज २ लाख २० हजारांचा. मोजणारे दोन्हीकडे तज्ज्ञ, आणि फरक तिपटीहून जास्त. छातीठोकपणे आकडा सांगणाऱ्या पुढाऱ्याकडे थोड्या संशयानेच पाहिलेलं बरं.

दार कोणी उघडं ठेवलं?

दुसऱ्या महायुद्धात शेतावरचे हात कमी पडले, म्हणून १९४२ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून मजूर आणायला सुरुवात केली. ही ‘ब्रासेरो’ योजना. युद्ध संपलं तरी ती १९६४ पर्यंत चालली आणि त्या काळात सुमारे ४६ लाख करार झाले. करारात मजुरीचा दर, राहण्याची सोय, परतीचं भाडं असं सगळं लिहिलेलं असे. साहजिकच काही शेतमालकांना करार नसलेला मजूर अधिक परवडे.

मग १९५२ चा कायदा आला. बेकायदा आलेल्या माणसाला आसरा देणं हा त्यात गुन्हा ठरला. पण त्याला कामावर ठेवणं म्हणजे आसरा देणं नव्हे, असंही त्याच कायद्यात लिहून ठेवलं गेलं. टेक्सासच्या शेतमालकांच्या दबावातून आलेली ही तरतूद ‘टेक्सास प्रोव्हायझो’ म्हणून ओळखली जाते. म्हणजे मजूर गुन्हेगार, मालक मोकळा. ही व्यवस्था ३४ वर्षं टिकली. पुढचं सगळं समजून घ्यायला माझ्या मते एवढी एक ओळ पुरेशी आहे.

१९८६ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी नव्या कायद्यावर सही केली. आधीच आलेल्या सुमारे २७ लाखांना कायदेशीर दर्जा मिळाला आणि बेकायदा मजूर ‘जाणूनबुजून’ ठेवणाऱ्या मालकाला शिक्षा ठरली. खोच त्या ‘जाणूनबुजून’मध्ये आहे. मालकाने कागद पाहायचे, ते वरवर खरे दिसले की एक फॉर्म भरायचा, आणि त्याची जबाबदारी संपली. त्यानंतर बनावट कागदांचा धंदा फोफावला नसता तरच नवल. शेतीत तर मालक आणि मजूर यांच्यामध्ये ठेकेदार उभा राहिला. आपल्याकडे ऊसतोडीत मुकादम असतो तसाच हा. मजूर आमचा नाही, त्याचा, असं म्हणायची सोय दोन्हीकडे सारखीच.

मजुरी खरंच घटते का?

अर्थतज्ज्ञांची सर्वांत गाजलेली लढाई मायामी शहरावरून झाली. १९८० मध्ये फिडेल कॅस्ट्रोंनी मारिएल बंदर खुलं केलं आणि काही महिन्यांत सव्वा लाख क्यूबन लोक होड्यांतून फ्लोरिडाला पोहोचले. मायामीतले कामगार एकदम ७ टक्क्यांनी वाढले. हे लोक काटेकोर अर्थाने ‘बेकायदा’ नव्हते, सरकारने त्यांना प्रवेश दिला होता. पण अचानक स्वस्त मजूर आले तर काय होतं, हे तपासायला इतकी चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती.

डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये मायामीची तुलना अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि टॅम्पाशी केली. स्थानिकांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. पुढे २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात हा अभ्यासही होता. हार्वर्डचे जॉर्ज बोर्हास यांनी त्याच घटनेची आकडेवारी पुन्हा उकरली, फक्त शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांकडे पाहिलं, आणि त्यांची मजुरी १० ते ३० टक्क्यांनी घसरल्याचं मांडलं. बोर्हास स्वतः लहानपणी क्यूबातून आलेले निर्वासित, हे विशेष. त्यावर इतरांनी दाखवलं की बोर्हास यांचा नमुना फार लहान आहे आणि नेमक्या त्या वर्षांत त्यातलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण वाढलं होतं. त्यांची मजुरी आधीपासूनच कमी असल्यामुळे सरासरी खाली आली असावी. वाद आजही मिटलेला नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१६ च्या अहवालाने बरीचशी मधली बाजू घेतली: दीर्घकाळात एकूण मजुरीवर परिणाम अगदी थोडा, फटका बसतो तो मुख्यतः आधी आलेल्या स्थलांतरितांना, आणि त्याखालोखाल शाळा न पूर्ण केलेल्या स्थानिकांना. मला हा निष्कर्ष पटतो, पण त्यावर समाधान मानू नये. ‘सरासरी परिणाम थोडा’ हे वाक्य सरासरीत न बसणाऱ्या माणसाला ऐकवून उपयोग नसतो. शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांनाही हे ठाऊक होतं. संप फोडायला आणलेल्या बिनकागदी मजुरांविरुद्ध त्यांच्या संघटनेने १९७४ मध्ये मोहीम चालवली होती. देशातल्या सर्वांत मोठ्या कामगार महासंघाने बिनकागदी मजुरांविरुद्धची आपली भूमिका उलटी केली ती थेट २००० साली.

मग मजूर थांबवले की मजुरी वाढते का? ब्रासेरो योजना बंद करताना तोच युक्तिवाद होता. अर्थतज्ज्ञ मायकेल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी नंतर हिशेब केला, तेव्हा मजुरी वाढल्याची खूण सापडली नाही. शेतमालकांनी यंत्रं आणली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात जॅक हॅना यांनी जाड सालीचा, एकाच वेळी पिकणारा टोमॅटो तयार केला होता आणि कोबी लॉरेन्झन यांनी तो तोडणारं यंत्र. मजूर होते तोवर दोन्हींना फारसं गिऱ्हाईक नव्हतं. योजना संपल्यावर पाच-सहा वर्षांत कॅलिफोर्नियातला प्रक्रियेचा जवळपास सगळा टोमॅटो यंत्राने तोडला जाऊ लागला. स्ट्रॉबेरीला मात्र असं यंत्र मिळालं नाही. ती आजही वाकून, हातानेच खुडली जाते.

मजुरी दाबली जाते ती केवळ संख्येमुळे नाही, भीतीमुळेही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की संघटना बांधल्याबद्दल बेकायदा काढून टाकलेल्या बिनकागदी कामगाराला बुडालेला पगार मिळणार नाही. शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्या नागरिकाला तो मिळाला असता. कोणाला कामावर ठेवणं मालकाला सोयीचं, हे वेगळं सांगायला नको.

एका तिजोरीत जमा, दुसरीतून खर्च

‘कर भरत नाहीत’ हा आरोप बहुतांशी चुकीचा आहे. खोट्या किंवा दुसऱ्याच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकावर काम करणाऱ्याच्या पगारातूनही सोशल सिक्युरिटीचा हप्ता कापला जातो; म्हातारपणी पेन्शन मात्र त्याला बहुधा मिळत नाही. त्या खात्याच्या मुख्य विमागणितज्ज्ञांनीच २०१० सालासाठी अंदाज बांधला होता: बिनकागदी मजुरांमुळे निधीत १२ अब्ज डॉलरची निव्वळ भर. बहुतेक केंद्रीय कल्याण योजना त्यांना बंद आहेत.

खर्च होतो तो खालच्या पातळीवर. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या ‘प्लायलर’ निकालानुसार कागद नसलेल्या मुलालाही सरकारी शाळेत घ्यावंच लागतं, आणि शाळेचा खर्च उचलतात राज्य आणि स्थानिक संस्था. तातडीच्या उपचारांना रुग्णालय नाही म्हणू शकत नाही. संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २०२१ नंतरच्या लोंढ्याचे दोन हिशेब मांडले आहेत. पहिल्यानुसार २०२४ ते २०३४ या काळात केंद्राची तूट ९०० अब्ज डॉलरने कमी होईल. दुसऱ्यानुसार राज्यं आणि स्थानिक संस्थांना एकट्या २०२३ मध्ये ९.२ अब्ज डॉलरचा निव्वळ भुर्दंड पडला. वॉशिंग्टनमधला अर्थतज्ज्ञ आणि सीमेवरच्या गावचा महापौर एकमेकांना खोटं ठरवतात, पण दोघांच्या वह्याच वेगळ्या आहेत.

न्यूयॉर्कमध्ये हे सर्वांत उघडं दिसलं. मागेल त्याला निवारा द्यायला ते शहर १९८१ पासून कायद्याने बांधील आहे. २०२२ पासून दोन लाखांहून अधिक लोक तिथे आले, काही टेक्सासच्या गव्हर्नरने पाठवलेल्या बसमधून. शहराने हॉटेलंच्या हॉटेलं भाड्याने घेतली. आणि आश्रय मागणाऱ्याला काम करायचा परवाना अर्जानंतर १८० दिवस मिळत नाही, असा केंद्राचा नियम. धडधाकट माणसाला सहा महिने कमवायची बंदी आणि त्याच्या खोलीचं भाडं शहराच्या करदात्याकडून! रागावलेल्या करदात्याला वंशद्वेषी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याचा राग समजण्यासारखा आहे.

रांग कुठे आहे?

न्यू जर्सीत किंवा बे एरियात एच-१बी वर राहून ग्रीन कार्डाची वर्षानुवर्षं वाट पाहणारी मराठी कुटुंबं या विषयावर अनेकदा चिडून बोलतात. आम्ही रांगेत उभे राहिलो, यांना का नको? प्रश्न रास्त आहे, पण शेतमजुराला त्या रांगेत जागा जवळपास नाहीच. अकुशल कामगारांसाठीची कायम वास्तव्याची ग्रीन कार्डं साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला जास्तीत जास्त १० हजार, तीही कुटुंबीय धरून.

तात्पुरता मार्ग आहे, एच-२ए. त्याखाली मंजूर होणाऱ्या जागा २००५ मधल्या सुमारे ४८ हजारांवरून २०२३ मध्ये पावणेचार लाखांच्या वर गेल्या. पण हा व्हिसा हंगामी कामाचाच. गाय काही हंगाम पाहून दूध देत नाही, म्हणून बाराही महिने चालणाऱ्या दुग्धशाळांना त्याचा उपयोग होत नाही. विस्कॉन्सिनचे गोठे बिनकागदी मजुरांवर चालतात, त्याचं एक कारण हे.

मजूर गेले की

२०११ मध्ये जॉर्जिया राज्याने कडक कायदा केला आणि ऐन काढणीत मजूर निघून गेले. गव्हर्नर नेथन डील यांनी प्रोबेशनवरच्या गुन्हेगारांना शेतावर पाठवायची कल्पना लढवली. त्यातले बरेच जण दिवसभरही टिकले नाहीत. आयोवातल्या पोस्टव्हिल या सव्वादोन हजार वस्तीच्या गावात २००८ मध्ये मांस कारखान्यावर छापा पडला, ३८९ जण पकडले गेले. त्याच वर्षी कारखाना दिवाळखोरीत गेला आणि गावातली दुकानंही ओस पडली.

२००८ पासून काउंटीगणिक लागू झालेल्या ‘सिक्युअर कम्युनिटीज’ या हद्दपारी मोहिमेवर नंतर अभ्यास झाला. मजूर गेल्यावर त्या जागा स्थानिकांना मिळाल्या नाहीत. उलट स्थानिकांचा रोजगारही थोडा घटला. कारण समजायला कठीण नाही. घराचा सांगाडा उभारणारे नसतील तर वायरमन आणि प्लंबरला काम कुठून मिळणार?

मालकाची तपासणी

कामगाराचं नाव आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक जुळतो का, हे तपासणारी ‘ई-व्हेरिफाय’ प्रणाली आहे. अ‍ॅरिझोनाने ती २००८ पासून सर्व मालकांना सक्तीची केली. देशभर सक्ती मात्र अजून झालेली नाही. प्रणालीलाही मर्यादा आहे: जुळणारं नाव त्याच माणसाचं आहे का, हे तिला कळत नाही. जून २०२५ मध्ये ओमाहा शहरात छापा पडलेला मांस कारखाना ई-व्हेरिफाय वापरत होता. अनेकांनी खऱ्या नागरिकांची नावं आणि क्रमांक वापरल्याचा तपास यंत्रणांचा आरोप होता.

त्याच महिन्यात ट्रम्प सरकारने शेतं, हॉटेलं आणि उपाहारगृहांवरचे छापे थांबवायचा आदेश काढला आणि चार-पाच दिवसांत फिरवला. ऑक्टोबरमध्ये कामगार खात्याने एच-२ए मजुरांच्या किमान मजुरीचं सूत्र बदललं. अनेक ठिकाणी दर खाली आला. बेकायदा मजुरांचा ओघ आटल्यामुळे अन्नपुरवठ्याला धोका आहे, असं कारण खात्यानेच नोंदवलं.