पूरक स्क्रिप्ट आणि मेनूतली जागा

पडदा न बघता संगणक चालवणाऱ्या माणसाला मेनू ऐकावा लागतो. डोळस माणूस वीस ओळींवरून एकदा नजर फिरवून हवी ती उचलतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, म्हणजेच स्क्रीन रीडर, वापरणारा बाणाची कळ दाबत एकेक ओळ ऐकत खाली उतरतो आणि कुठल्या मेनूत काय आहे ते डोक्यात ठेवतो. म्हणून जी सोय मेनूत, सेटिंग्जमध्ये किंवा कळांच्या यादीत सापडत नाही, ती त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. स्क्रीन रीडरला बाहेरून जोडल्या जाणाऱ्या स्क्रिप्टांचा, म्हणजेच ॲड-ऑनचा, आढावा घ्यायचा तर तो याच बाजूने घ्यायला हवा. स्क्रिप्ट काय करते हे पाहिलेच पाहिजे, पण ती वापरणाऱ्याच्या हाताला कुठे लागते, हे त्याहून आधी पाहिले पाहिजे.

या वाटेवरचे पहिले मोठे नाव म्हणजे जॉज हा स्क्रीन रीडर. मोटरसायकल शर्यतींत उतरणारे टेड हेंटर 1978 साली मोटार अपघातात दृष्टी गमावून बसले, पुढे प्रोग्रामर झाले आणि फ्लोरिडातल्या त्यांच्या कंपनीने 1989मध्ये डॉससाठी जॉज आणले. विंडोजसाठीची आवृत्ती 1995ची. जॉजची स्वतःची स्क्रिप्ट-भाषा आहे आणि प्रत्येक अनुप्रयोगाच्या नावाने वेगळी स्क्रिप्ट-फाइल ठेवता येते. अनुप्रयोग समोर आला की त्याची फाइल आपोआप लागू होते. एखाद्या कार्यालयातले खास बनवून घेतलेले, स्क्रीन रीडरपुढे मुके राहणारे सॉफ्टवेअर अशा स्क्रिप्टमुळे बोलके होते आणि एका अंध कर्मचाऱ्याची नोकरी टिकते. या सोयीचे मोल मोठे आहे.

अडचण यायची ती सर्वत्र चालणाऱ्या सोयींच्या बाबतीत. त्यासाठी मूळ 'डिफॉल्ट' फाइललाच हात घालावा लागे. दोन वेगवेगळ्या लेखकांनी आपापली बदललेली डिफॉल्ट फाइल दिली, तर नंतर बसवलेली आधीचीवर बसे आणि पहिली सोय गुपचूप नाहीशी होई. जाणकार स्क्रिप्टकार आपली फाइल मूळ फाइलला जोडून घेत, तिची जागा बळकावत नसत. पण हे शहाणपण लेखकाच्या मर्जीवर अवलंबून होते.

ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी 2006मध्ये एनव्हीडीए लिहायला घेतले. पुढे जेम्स टे त्यांच्या सोबतीला आले. पायथॉनमध्ये लिहिलेला, मोफत आणि खुल्या परवान्याचा हा स्क्रीन रीडर. 2012 साली त्यात ॲड-ऑनची गाठोडी बसवण्याची रीतसर सोय आली. गाठोडे म्हणजे साधी झिप फाइल. आत मॅनिफेस्ट, म्हणजे नाव, लेखक आणि आवृत्तीची नोंद, आणि ठरलेल्या नावांचे फोल्डर असतात. एका अनुप्रयोगापुरती स्क्रिप्ट एका फोल्डरात, सर्वत्र चालणारी दुसऱ्यात, आवाजाचे इंजिन तिसऱ्यात, ब्रेल पट्टीचा ड्रायव्हर चौथ्यात. सर्वत्र चालणाऱ्या दोन स्क्रिप्टा इथे शेजारी शेजारी राहतात, एकीने दुसरी पुसली जात नाही. जॉजमध्ये लेखकाच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट इथे रचनेनेच बांधली.

आता मेनूकडे येऊ. एनव्हीडीएसाठी ठरवून दिलेली खास कळ आणि एन दाबले की मेनू उघडतो. त्यात प्राधान्ये, साधने, मदत वगैरे शाखा. ॲड-ऑनला आपली ओळ सहसा साधनांच्या मेनूत घालता येते आणि त्यासाठी कोडच्या दोन-तीन ओळी पुरतात. कस मात्र पुढे लागतो. समजा, मेनूतल्या एकाच ओळीला टी हे अक्षर दिलेले आहे. मग टी दाबताच ती ओळ थेट उघडते. दुसऱ्या ॲड-ऑनने आपल्या ओळीलाही टी दिले, की तेच अक्षर या ओळीवरून त्या ओळीवर नुसते फिरत राहते, उघडत काहीच नाही. वर्षानुवर्षे बोटांत बसलेली सवय एका पाहुण्या ओळीने मोडते. डोळस प्रोग्रामरला हे जाणवतही नाही, कारण तो माउसने टिचकी मारतो. दुसरी चूक याहून साधी आहे. ॲड-ऑन बंद होताना आपली ओळ काढून घ्यायला विसरते. ॲड-ऑन पुन्हा लोड केली की तीच ओळ दोनदा, तीनदा ऐकू येते आणि कुठली खरी ते कळत नाही. माझे स्पष्ट मत असे, की ज्या ॲड-ऑनला रोज उघडावी लागेल अशी खिडकी नाही, तिने मेनूत ओळ घालूच नये.

तिची योग्य जागा सेटिंग्जमध्ये. पूर्वी आवाजासाठी एक, कळफलकासाठी दुसरी अशा वेगळ्या खिडक्या होत्या. 2018.2 या आवृत्तीत त्या एकत्र आल्या: एका बाजूला प्रकारांची यादी, दुसऱ्या बाजूला निवडलेल्या प्रकाराचे पर्याय. ॲड-ऑनला या यादीत आपले पॅनेल जोडता येते. वापरणाऱ्याला नवे काही शिकावे लागत नाही. यादीत खाली जायचे, टॅब दाबायचा, पर्याय बदलायचा. 'ओके' म्हटले तर जतन, 'रद्द' म्हटले तर जसे होते तसे. 'रद्द' खरोखर रद्द ठरावे म्हणून ॲड-ऑनने जतन करण्याआधी कुठलाही बदल लागू करू नये.

पॅनेल बांधताना एक बारकावा निर्णायक ठरतो. पडद्यावर 'वेग' हा शब्द चौकटीच्या शेजारी दिसला की डोळस माणसाचे काम झाले. स्क्रीन रीडर मात्र बऱ्याचदा चौकटीच्या लगेच आधी तयार झालेला मजकूर तिचे नाव म्हणून वाचतो. चौकट आधी आणि मजकूर मागाहून तयार केला, तर दिसायला पॅनेल नीटनेटके असते, पण ऐकणाऱ्याला नुसतीच चौकट ऐकू येते किंवा भलत्याच पर्यायाचे नाव. एनव्हीडीएच्या कोडमध्ये मजकूर आणि चौकट योग्य क्रमाने बांधून देणारी तयार मदतनीस यंत्रणा आहे. ती न वापरण्याला काहीही कारण नाही.

सेटिंग्ज साठवायच्या कुठे, हाही महत्त्वाचा प्रश्न. काही लेखक आपली स्वतंत्र फाइल करतात. पण एनव्हीडीएच्या मूळ संरचनेत आपला विभाग घोषित केला, की प्रोफाइलची सोय आपोआप मिळते: वर्डमध्ये एक सेटिंग, ब्राउझरमध्ये दुसरे.

कळांचे प्रकरण सर्वांत नाजूक. कळफलकावर मोकळ्या जोड्या थोड्या आणि ॲड-ऑन पुष्कळ. एनव्हीडीएच्या 'इनपुट जेश्चर्स' खिडकीत प्रत्येक आज्ञेला हवी ती कळ देता येते, पण आज्ञेला वर्णन असेल तरच ती तिथे दिसते. वर्णनाची एक ओळ लिहायचा कंटाळा केला, की ती आज्ञा कायमची अदृश्य. आज्ञेला वर्णन द्यावे, आपल्या ॲड-ऑनच्या नावाचा गट द्यावा आणि कळ शक्यतो रिकामी सोडावी, ही मला सर्वांत सभ्य रीत वाटते. कुठली कळ मोकळी आहे हे वापरणाऱ्यालाच ठाऊक असते.

विंडोजच्या लॉगिन पडद्यावर नियम आणखी कडक होतात. तिथे एनव्हीडीए सुरक्षित स्थितीत चालतो. फाइल उघडणारी किंवा दुसरा प्रोग्राम सुरू करणारी ओळ तिथे राहिली, तर पासवर्ड न देता कोणी आत शिरू शकेल. जबाबदार ॲड-ऑन ही स्थिती तपासून अशा ओळी घालतच नाही.

एनव्हीडीएची 2019.3 ही आवृत्ती 2020च्या सुरुवातीला आली आणि पायथॉन 2 सोडून पायथॉन 3वर गेली. कित्येक जुन्या ॲड-ऑन त्या वेळी बंद पडल्या. ज्या सांभाळणे लेखकाने सोडले होते, त्या तशाच मागे राहिल्या. आता प्रत्येक ॲड-ऑनला किमान कुठली आवृत्ती लागते आणि शेवटची चाचणी कुठल्या आवृत्तीवर झाली, हे मॅनिफेस्टमध्ये नोंदवावे लागते. 2023.2पासून ॲड-ऑन स्टोअर साधनांच्या मेनूतच आहे. शोधणे, बसवणे, अद्ययावत करणे, मदत वाचणे हे सगळे तिथूनच होते.

चांगली ॲड-ऑन कधी कधी घरचीच होते. दुसऱ्याचा संगणक दुरून चालवू देणारी रिमोट ॲड-ऑन क्रिस्टोफर टोथ आणि टायलर स्पिव्ही यांनी लोकवर्गणीतून उभी केली. 2025.1मध्ये ती सोय मूळ एनव्हीडीएत आली. पडदा काळा करून खासगीपणा राखणारी सोयही आधी ॲड-ऑनच होती. लिनक्सवरच्या ऑर्का या स्क्रीन रीडरलाही पायथॉनची फाइल जोडता येते, पण ती फाइल हाताने लिहावी लागते, त्यामुळे सामान्य वापरणारा तिकडे वळत नाही.

मराठीसाठी पाया तयार आहे. एनव्हीडीएसोबत येणारे ईस्पीक एनजी हे आवाजाचे इंजिन मराठी बोलते, आणि एनव्हीडीएच्या ब्रेल यंत्रणेत, लिबलुईमध्ये, मराठीचा तक्ता आहे. एनव्हीडीए पेन ड्राइव्हवर ॲड-ऑन आणि सेटिंग्जसकट नेता येतो, त्यामुळे तालुक्याच्या कॉलेजातल्या कुठल्याही विंडोज संगणकावर विद्यार्थ्याला आपला ओळखीचा मेनू मिळू शकतो. ॲड-ऑनच्या गाठोड्यात भाषांतराचाही फोल्डर ठेवता येतो. त्यात मराठी फाइल नसेल, तर मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलापुढे पर्याय इंग्रजीतच येतो. मराठी करताना मेनूच्या झटपट अक्षराचा विचार करावा. जपानी भाषांतरांत शब्दापुढे कंसात रोमन अक्षर ठेवतात, म्हणजे कळफलकाची भाषा न बदलता ओळ उघडते. आपणही तेच करावे.

कोड लिहिणाऱ्या मराठी वाचकांना एकच विनंती. या दिवाळीत एक ॲड-ऑन निवडा आणि तिच्या पर्यायांची नावे व आज्ञांची वर्णने मराठीत आणा. मग मॉनिटर बंद करून, फक्त कळफलकावर, तिच्या प्रत्येक पर्यायापर्यंत पोहोचून बघा. जिथे पोहोचता आले नाही, ते मूळ लेखकाला लिहून कळवा.