पहिला गेमिंग कॉम्प्युटर असेंबल करताना: कोणता पार्ट आधी, कोणता नंतर?



मागच्या हिवाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो पॉलिटेक्निकला आहे. वडिलांनी कापसाच्या पैशातून 40 हजार रुपये बाजूला काढून दिले होते, आणि वहीच्या पानावर त्याने पार्टची यादी लिहून आणली होती. प्रोसेसर होता इंटेल आय3-12100एफ. ग्राफिक्स कार्डच्या पुढे लिहिलं होतं, "पुढच्या वर्षी."

यादी बघून मी त्याला म्हटलं, "बाळा, हा कॉम्प्युटर चालू होईल, पण स्क्रीनवर काहीच दिसणार नाही."

कारण काय? नावातलं ते शेवटचं 'एफ' अक्षर. इंटेलच्या या प्रोसेसरमध्ये 'एफ' असेल तर आत ग्राफिक्सची सोय नसते. वेगळं कार्ड लावल्याशिवाय चित्र येत नाही. एका अक्षरामुळे वर्षभर डबा कोपऱ्यात पडून राहिला असता. म्हणून आजचा हा पाठ.

1) आधी गेम ठरवा, मग पार्ट

कॉम्प्युटरचा स्क्रीन म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. फुल एचडीमध्ये 1920 × 1080 म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. 4के मध्ये बरोबर चौपट, म्हणजे 82,94,400. स्क्रीन 60 हर्ट्झचा असेल तर हे सगळे ठिपके सेकंदाला 60 वेळा नव्याने काढावे लागतात, म्हणजे एका चित्राला जेमतेम 16.7 मिलीसेकंद मिळतात. हे काम मुख्यतः ग्राफिक्सचं. म्हणून पहिल्या बजेट कॉम्प्युटरला फुल एचडी पुरे. 4के चा नाद नको.

2) दोन रस्ते

पहिला रस्ता: पैसे पुरेसे असतील तर ग्राफिक्स कार्ड आत्ताच घ्या. अशा वेळी मॉनिटर सोडून जो खर्च आहे, त्यातल्या शंभर रुपयांपैकी साधारण 35 ते 40 रुपये कार्डला ठेवावेत. प्रोसेसर महागडा आणि कार्ड हलकं असं करू नका. बैलजोडीत एक बैल तगडा आणि दुसरा मरतुकडा असला तर गाडी मरतुकड्याच्याच चालीने चालते.

दुसरा रस्ता: पैसे कमी असतील तर ज्याच्या आतच बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे असा प्रोसेसर घ्या. उदा. एएमडीचा रायझेन 5 5600जी. यात 6 कोर, 12 थ्रेड आहेत. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट यांसारखे गेम आरामात चालतात. जीटीए 5 सेटिंग कमी ठेवून चालतो. अगदी नवे, जड गेम मात्र नीट चालणार नाहीत, ही अपेक्षा आधीच स्पष्ट ठेवा. पुढे पैसे आले की कार्ड लावता येतं. माझ्या विद्यार्थ्याने हाच रस्ता धरला.

3) जोड्या जुळवा

हा स्वाध्याय आपण पहिलीपासून करतो, इथेही तोच आहे. 5600जी एएम4 सॉकेटमध्ये बसतो, त्यासाठी बी450 किंवा बी550 मदरबोर्ड चालतो. बी450 जुना स्टॉक असेल तर बायोस अपडेट केलेला आहे का, हे दुकानदाराला विचाराच. या बोर्डावर डीडीआर4 रॅमच लागते. डीडीआर5 ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही.

रॅम 16 जीबी घ्या, पण 16 ची एक पट्टी नको, 8 च्या दोन घ्या. प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. दोन पट्ट्या म्हणजे दोन दारं, आणि ये-जा दुप्पट. गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. साठवणुकीला 500 जीबीची एनव्हीएमई एसएसडी पुरते.

4) एसएमपीएसवर काटकसर नको

हे सांगायचं कारण, मी स्वतः फसलो आहे. माझ्या पहिल्या कॉम्प्युटरला कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस होता. एका संध्याकाळी लाईट गेली, परत आली, आणि 'फट्' असा आवाज झाला. एसएमपीएस गेला तो गेला, मदरबोर्डही सोबत घेऊन गेला. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट भरावे लागले.

आता हिशोब करू. पुढे आरएक्स 6600 सारखं कार्ड लावलं तर त्याला 132 वॅट लागतात. जोर लावला की 5600जी सुमारे 88 वॅट घेतो. बाकी सगळ्याला 50 धरा. बेरीज 270. त्यामुळे '80 प्लस ब्रॉन्झ' लिहिलेला, नावाजलेल्या कंपनीचा 550 वॅटचा एसएमपीएस आत्ताच घ्या. कार्ड आल्यावर तो बदलावा लागणार नाही.

आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होतं, म्हणून घराची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. यूपीएस घेताना त्यावरचे वॅट वाचा. 600 व्हीए म्हणजे 600 वॅट नव्हे, तिथे बहुतेक वेळा 360 वॅट असतात. आणि यूपीएस खेळत बसायला नसून कॉम्प्युटर नीट बंद करायला असतो.

पालकांसाठी: 250 वॅट ओढणारा कॉम्प्युटर 4 तास चालला की 1 युनिट होतं.

5) कॅबिनेट: दिसणं नको, हवा हवी

जालन्याचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. पारा चाळीशीच्या वर आणि जोडीला धूळ. समोर बंद काच असलेलं कॅबिनेट फोटोत छान दिसतं, पण आत भट्टी होते. समोर जाळी असलेलं घ्या. एक पंखा हवा आत घेणारा, एक बाहेर टाकणारा. महिन्या-दोन महिन्यांनी कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून मऊ ब्रशने धूळ झाडा. रंगीत लाईटने गेम जोरात पळत नाही!

6) खरेदी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, संभाजीनगरला, जालन्यात किंवा ऑनलाइन, कुठूनही घ्या. पण पक्कं जीएसटी बिल घ्या. वॉरंटी बिलावरच मिळते. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा. जुनं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं तर समोर अर्धा तास गेम चालवून बघा, नाहीतर नको.

त्या विद्यार्थ्याचा कॉम्प्युटर आम्ही दोघांनी माझ्याच टेबलावर जोडला. पहिल्यांदा स्क्रीन उजळली तेव्हा त्याचे वडील मागे उभे होते. ते एवढंच म्हणाले, "सर, चित्र आलं की!"

स्वाध्याय: तुमची यादी वहीत लिहा. प्रत्येक पार्टपुढे 'कशाला जोडतो?' आणि 'किती वॅट?' हे दोन रकाने भरा. एकही रकाना रिकामा असेल तर अजून पैसे देऊ नका.